फवारू नका, असं सांगणारी पंचशीला

लातूरला औसा रोडवरच्या एका इमारतीत आम्ही अकरा मुली कानाला हेडफोन लावून बसायचो. शेतकऱ्यानं मोबाइलवर पिकाचा फोटो पाठवायचा, आम्ही फोन करून औषध सांगायचं आणि ते कंपनीनं घरपोच पाठवायचं, असा तो स्टार्टअप. मालक वीरभद्र. पंचशीला सोनकांबळे माझ्या शेजारी बसायची. जळकोटची, कृषी पदविका झालेली, बोलायला तुटक.

एका पावसाळ्यात शिरूर अनंतपाळच्या शेषेरावांचं सोयाबीन पिवळं पडलं. पंचशीलानं फोटो बघितला आणि फोनवर म्हणाली, "काका, काहीच फवारू नका. रानात पाणी साचलंय, चर काढून ते बाहेर काढा. वाफसा आला, माती मोकळी झाली की पीक आपोआप हिरवं होईल."

दुसऱ्या दिवशी वीरभद्रनं त्या बोलण्याचं रेकॉर्डिंग सगळ्यांसमोर लावलं.

"हा धर्मादाय दवाखाना हाय का गं?" तो म्हणाला. मग हसला. "तुमच्या लोकांना फुकटची सवय. म्हणून तूबी फुकट वाटायलीस."

सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले. पंचशीलानं हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मी जिन्यापर्यंत तिच्या मागं गेले, तर ती वळून म्हणाली, "शिल्पा, ह्याचा एक एक माणूस मी काढून घेणार. ह्याच्या दारात कुत्रं फिरकणार न्हाई, बघ तू."

तिच्याजवळ काय होतं? एक जुना मोबाइल आणि भावाची स्कूटी. जळकोटच्या स्टँडसमोर एक खोली घेऊन तिनं स्वतःचा नंबर सुरू केला. औषध विकायचंच नाही, फक्त सल्ला द्यायचा आणि पटलं तर हंगामाला वर्गणी घ्यायची. फोटोवरून कळलं नाही तर ती बांधावर जायची. शेषेरावांना तिनं नवा नंबर कळवला होता; पहिला फोन त्यांचाच आला. "ताई, पीक हिरवं झालं. माझ्या भावकीतल्या चौघांना तुमचा नंबर द्यायलोय."

लोक म्हणायचे, बाईला शेतकऱ्याची लई माया. ती मला नंतर म्हणाली, "माया कसली? 'फवारू नका' म्हणलं की वीरभद्रची एक बाटली कमी खपली, एवढंच डोक्यात असायचं. त्या आनंदानं झोप लागायची." पण सूड घ्यायला खरं बोलावं लागत होतं, फोन उचलावा लागत होता, म्हाताऱ्यांचं रडगाणं शेवटपर्यंत ऐकावं लागत होतं. दोन वर्षांत चाळीस गावांत तिचा नंबर पोचला.

आमच्याकडचे फोन घटले तसा वीरभद्र पिसाळला. तिसऱ्या पावसाळ्यात त्यानं आम्हाला सांगितलं, तणनाशक आणि टॉनिक एकाच पंपात मिसळून फवारायला सांगा, दोन्ही खपतील. आम्ही सांगितलं. आठवड्यात जळकोट भागातली सोयाबीनची पानं करपली.

करपलेल्या पानांचे फोटो पंचशीलाकडं येऊन पडले. दोन वर्षं ती ह्याच दिवसाची वाट बघत होती. वीरभद्रचं नाव घेऊन तिनं व्हिडिओ केला, चांगला सणसणीत. पाठवणार तेवढ्यात शेषेरावांचा फोन. त्यांच्या मेहुण्याचं रान करपलं होतं.

"ताई, त्याला मागून फाडू. आधी पीक कसं वाचंल ते सांगा."

व्हिडिओ तसाच राहिला. चार दिवस ती रानोरान फिरली. काहींना साधं पाणी फवारायला लावलं, काहींना कोळपणी करून ओळींमधली माती हलवायला सांगितली, जिथं आशा नव्हती तिथं तसं तोंडावर सांगितलं. आणि प्रत्येक बांधावर, चहा पिता पिता, तिनं कृषी अधिकाऱ्यांच्या नावे तक्रार लिहून घेतली. एकोणतीस तक्रारी. बाटलीचा नंबर, फोनची तारीख, सगळं बारीक अक्षरात. "व्हिडिओ दोन दिवसांत लोक विसरले असते," ती म्हणाली. "कागद विसरत न्हाई."

पंचनामे झाले. वीरभद्रचा परवाना गेला आणि दिवाळीच्या आत कंपनीला कुलूप लागलं. आम्ही मुली रस्त्यावर आलो.

पंचशीलाचा मला फोन आला. "सगळ्या जणींना घेऊन जळकोटला ये. काम हाय."

"मी त्या दिवशी हसले होते गं."

"माहीत हाय. कोण किती हसलं तेबी माहीत हाय. येतानी डबा आण, इथं खानावळ न्हाई."

आठ जणी गेलो. महिन्याभरानं वीरभद्र स्वतः आला. पंचशीलानं त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, शेतकऱ्यांच्या रांगेत. आत आठ जणी होतो, चहा सांगता आला असता. तिनं सांगितला नाही. दोन तासांनी त्याचा नंबर आला.

"माझ्याकडं वीस हजार शेतकऱ्यांची यादी हाय," तो म्हणाला. "आपण मिळून करू."

"यादी ठेवा तुमच्याकडं. माणसं इकडं आलीत."

"मग एवढं राबून तुला मिळालं काय?"

"तुम्ही बाकावर बसलात," ती म्हणाली, "ते मिळालं."

मग एका कागदावर तिनं एकोणतीस नावं लिहून त्याच्यापुढं सरकवली. "ह्या बांधांवर जा. पायी. काय झालं ते विचारा आणि गप उभं राहून ऐका. ते झालं की या, मग बोलू."

त्यानं कागद घडी करून खिशात घातला आणि गेला. कुणाच्याच बांधावर तो गेला नाही, शेषेरावांनी चौकशी करून सांगितलं.

"बरं झालं," पंचशीला म्हणाली. "गेला असता तर मला त्याला माफ करावं लागलं असतं."