निखाडे सरांनी घेतलेलं घर

विकाऊ घर पाहायला जाताना कुणी तुरीच्या शेंगांची थैली घेऊन जातं का? निखाडे सर जायचे. हिवाळ्यात शेंगा, उन्हाळ्यात घरच्या तुरीची डाळ, आणि यातलं काहीच नसलं तर बसस्टँडवर घेतलेले पेढे. दार उघडणाऱ्या बाईच्या हातात थैली द्यायची, चपला बाहेर काढायच्या आणि सोफ्यावर टेकत म्हणायचं, "आम्ही घर पाह्याले आलो जी. घर काय, सावकाश पाहू. पह्यले तुमची खुशाली सांगा." समोरचा माणूस गोंधळून जायचा. आलेला माणूस गिऱ्हाईक आहे की मुलीच्या सासरचा पाहुणा, हे त्याला कळायचं नाही. मी मागे उभी राहून घड्याळाकडे बघायची, कारण गाडी माझी होती आणि परत मुकुटबनपर्यंत ती मलाच चालवायची होती.

आमच्या शाळेत सर मराठी शिकवायचे आणि मी गणित. ते निवृत्तीला आलेले, मी अजून अर्ध्या वाटेवर. माझी मुलगी अमरावतीला होस्टेलवर राहून शिकत होती, म्हणून महिन्यातले दोन रविवार तरी मी तिकडे जायची. एकदा सरांनी स्टाफरूममध्ये सहज विचारलं, "मॅडम, मागची सीट रिकामीच जाते ना तुमची?" तेव्हापासून ती कधी रिकामी गेली नाही. मागे सरांच्या पत्नी कुसुमकाकू, पुढे सर, मध्ये शेंगा. पांढरकवडा, यवतमाळ, नेर, बडनेरा, आणि तसंच परत. अख्खा रविवार त्या रस्त्यावर सांडायचा आणि सोमवारी प्रार्थनेला मी उभ्या उभ्या पेंगायची. हे किती काळ चाललं ते आता आठवत नाही. दमणूक मात्र अजून आठवते.

घर हवं होतं ते काकूंना. सरांची सगळी नोकरी झरी जामणीच्या जंगलातल्या गावांमध्ये, मग केळापूरकडे, मग मुकुटबनला. गावचं घर आणि शेत धाकट्या भावाकडे. सर म्हणायचे, "तो राबते, त्याचंच हाय ते. आपल्याले तुरी देते, लय झालं." त्यामुळे काकूंचा जन्म भाड्याच्या घरांत गेला. भिंतीत खिळा ठोकू नका, पाणी जास्त सांडू नका, पाहुणे किती दिवस राहणार, हे सगळं त्यांनी ऐकून घेतलं. पण एक वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं होतं. कुठल्या घरमालकाच्या पोराचं लग्न निघालं, कुणाला गोदाम करायचं झालं, की ते वाक्य दारात यायचं. काकू मला एकदा म्हणाल्या, "ताई, घर खाली कधी करता, असं मले कोणी पुन्हा इचारू नये. बस. बाकी घर कसंही असू द्या."

आणि ते अमरावतीतच का, याचंही कारण होतं. लग्नाआधी काकू तिथे एक वर्ष होस्टेलवर राहून कॉलेजला जात होत्या. दुसऱ्या वर्षाची फी भरायच्या आधी लग्न ठरलं आणि त्या थेट झरीकडच्या एका खेड्यात येऊन पडल्या. दिवस मावळला की तिथे रातकिड्यांशिवाय कुणी बोलत नसे. त्यामुळे विद्यापीठाकडच्या रस्त्याला गाडी लागली की काकू काच खाली करायच्या. अभ्यासिकांच्या पाट्या, झेरॉक्सची दुकानं, मेसचे डबे घेऊन जाणाऱ्या बाया, एका स्कुटीवर तिघी बसून खिदळणाऱ्या पोरी. धूळ आत यायची, मी खोकायची, आणि काकू म्हणायच्या, "राहू द्या ना ताई उघडी. आवाज येऊन राह्यला."

तर एवढं सरळ काम होतं. सरांचा फंड होता, थोडी बचत होती, शहरात जुने फ्लॅट विकायला निघत होते. अडचण एकच होती, ती म्हणजे सर. सगळं पाहून झालं की ते घरमालकाला विचारायचे, "तुम्ही काहून विकून राह्यले?" हा प्रश्न घर घेणाऱ्याने कधीही विचारू नये. भाव विचारावा, पाणी विचारावं, कर भरला का ते विचारावं. पण सरांना ते कारण कळल्याशिवाय चैन पडत नसे. आणि एकदा कारण कळलं, की ते घर आमच्या हातून गेलंच म्हणून समजा.

एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. मुलगा पुण्याला बोलावतोय म्हणून विकायचं म्हणाले. त्यांची बायको सरांनीच आणलेल्या शेंगा मीठ घालून उकडून घेऊन आली. सरांनी एक शेंग सोलली आणि विचारलं, "वहिनी, तुमचं मन हाय का जायचं?" बाईंनी पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या. काकू त्यांच्यामागे. इकडे सर त्या गृहस्थांना म्हणाले, "मंग नका विकू ना बाप्पा. पोराले म्हणा, तूच येत जाय." ते गृहस्थ आधी चिडले आणि शेवटी त्यांनी आम्हाला जेवू घालूनच सोडलं. घर विकलं नाही. दिवाळीला माझ्या मुलीच्या होस्टेलवर त्यांच्याकडून चिवड्याचा डबा आला, 'निखाडे सरांसाठी' म्हणून. तो डबा काकूंनी घरी उघडलाच नाही, शाळेत वाटायला माझ्या हाती दिला.

मी सरांना झापायची. वयाने मोठे असले तरी झापायची. "सर, भाव तरी पाडून मागत जा!" त्यावर ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "ज्याच्या घरी जेवलो, त्याच्या घराले नाव ठेवून भाव कसा पाडू मॅडम? तोंड हाय का ते?" मग जेवता कशाला, असं मी म्हणायची. "आग्रह करते ना माणूस," ते म्हणायचे. यावर गणिताच्या बाईने नुसता गिअर बदलला.

म्हटलं, नवीन बांधकामच पाहू. तिथे कुणाचं मन मोडायचा प्रश्न नाही. बायपासच्या पलीकडे एका टोलेजंग इमारतीत आम्हाला नमुन्याचा फ्लॅट दाखवला. टाय लावलेला मुलगा चकचकीत ओट्यावर हात फिरवत बोलत होता. सरांनी थैली कुणाकडे द्यावी म्हणून इकडेतिकडे पाहिलं आणि शेवटी वॉचमनला दिली. काकू बाल्कनीत गेल्या, बाहेर नजर पोहोचेल तिथवर रिकामं रान होतं. त्या लगेच आत आल्या. "हे तं झरीच झाली," म्हणाल्या आणि खाली गाडीत जाऊन बसल्या.

मग ते घर आलं जे काकूंना मनापासून आवडलं. दुसऱ्या मजल्यावर, समोर अभ्यासिका, खाली चहाची टपरी, दिवसभर पोरांची ये-जा. मालकीणबाई एकट्या होत्या आणि दोन खोल्यांत त्यांनी कॉलेजच्या मुली भाड्याने ठेवल्या होत्या. भाव जमण्यासारखा होता. बाईंचं कारणही रास्त होतं, त्यांना बहिणीकडे अकोल्याला जायचं होतं. काकू स्वयंपाकघरात उभ्या राहून कुठे काय ठेवायचं ते मला सांगू लागल्या. तेवढ्यात सरांनी मुलींना विचारलं, "परीक्षा कधी हाय गं?" झालं. "परीक्षेच्या तोंडावर पोरींच्या गाद्या उचलू काय? पेपर होऊ द्या, मंग येतो आम्ही," असं सांगून सर उठले. इसार द्या, थोडे पैसे आगाऊ हातावर ठेवा, म्हणून मी जिन्यात त्यांच्या मागे लागले. ते म्हणाले, "बाई शब्दाची हाय. इसार देणं म्हंजे इश्वास नाही असं होते."

पेपर झाल्यावर आम्ही गेलो तेव्हा घर विकलं गेलं होतं. एका क्लासवाल्याने रोख पैसे मोजले होते. बाई ओशाळून म्हणाल्या, "तुमचा मंग फोनच नाही आला भाऊ." सर हसले. "नाही जी, तसं काही नाही," म्हणाले, आणि वर विचारलं, "पोरी पास झाल्या ना?"

परतीला नेर मागे पडलं तेव्हा काकू मागून बोलल्या. आवाज चढलेला नव्हता, भाजीचा भाव सांगावा तशा बोलल्या.

"गावातल्या समद्या बायांचं घर वाचवलं तुम्ही. बँकवालीचं वाचवलं, पोरींचं वाचवलं. माहं तेवढं राह्यलं."

सरांनी मान वळवली नाही. यवतमाळला चहाला थांबलो तर ते गाडीतून उतरलेच नाहीत. मलाही त्या दिवशी त्यांना झापायचं बळ उरलं नव्हतं.

त्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. सर निवृत्त झाले, आणि मुकुटबनच्या घरमालकाने मुलाचं लग्न काढलं. ते वाक्य पुन्हा एकदा काकूंच्या दारात आलं. काकूंनी भांडी पोत्यात भरली आणि दोघं माझ्या घराच्या मागच्या खोलीत राहायला आले. पोती बांधलेलीच ठेवली. मी म्हटलं, निदान डबे तरी लावा फळीवर. "असू द्या ताई, सवय हाय," म्हणाल्या.

त्या महिन्यात सर एसटीने एकटेच अमरावतीला गेले, हातात काही न घेता. विद्यापीठाच्या रस्त्याजवळचा एक जुना फ्लॅट त्यांनी पाहिला, मालकाला कारण विचारलं नाही आणि इसार देऊन आले. रजिस्ट्रीही झाली. काकूंनी पेढे वाटले. पण घरात भाडेकरू होते. रजिस्ट्रीपर्यंत घर रिकामं करून देतो म्हणालेला मालक पैसे घेऊन मोकळा झाला होता. भाडेकरू म्हणजे एक तरुण प्राध्यापक, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारा, पगार कधी होईल याचा भरवसा नाही. बायको आणि पाळण्यातलं मूल. आणखी सहा महिने राहू द्या, असा निरोप त्याने पाठवला. काकू ऐकून म्हणाल्या, "लेकरू लहान हाय म्हणते," आणि पोत्यावर बसून तांदूळ निवडू लागल्या. आता सर काय करणार हे मला ठाऊक होतं. काकूंनाही ठाऊक होतं.

पण पुढच्या रविवारी सर मला म्हणाले, "मॅडम, आज काकूले घरीच राहू द्या. तुम्ही संग चाला. जिन्यातून मी मागं वळलो तं ढकला मले."

दार प्राध्यापकानेच उघडलं. "या ना सर, बसा," म्हणाला. सर बसले नाहीत. चपलाही काढल्या नाहीत. आत त्याची बायको मुलाला खांद्यावर घेऊन उभी होती, तिने चहा ठेवू का म्हणून विचारलं. सर म्हणाले, "नको." मी त्यांच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला. मग ते वर्गात शिकवायच्या शुद्ध मराठीत म्हणाले, "महिनाअखेरीस घर खाली करून द्यावं लागेल. त्यापुढे जमणार नाही." तो मुलगा काही बोलणार होता, पण सरांच्या चेहऱ्याकडे पाहून नुसतं "हो सर" म्हणाला. कुठे जाल, दुसरं घर बघितलं का, यातलं सरांनी काहीही विचारलं नाही. वळले आणि उतरू लागले.

पहिल्या मजल्यावर ते पायरीवरच बसले. घामाने सदरा पाठीला चिकटला होता. मी बाटली पुढे केली. घोटभर पाणी पिऊन म्हणाले, "इचारलं असतं तं मंग झालंच होतं मॅडम." आणि थोड्या वेळाने, "काकूले सांगू नका. पोरगं सोताहून गेलं म्हणू."

महिनाअखेरीस घर रिकामं मिळालं. काकू राहायला गेल्या आणि जवळच्या दोन मुलींना त्यांनी डबा सुरू केला, पैशांसाठी कमी आणि त्यांच्या गप्पांसाठी जास्त. मी गेले की खिडकीत उभं करून मला रस्ता दाखवायच्या. सर खूश होते, निदान तसं म्हणायचे. पण त्या नव्या गावात त्यांनी फार ओळखी केल्या नाहीत, आणि मुकुटबनला अख्ख्या बाजारपेठेशी बोलत जाणारा हा माणूस इथे संध्याकाळी फिरायला एकाच ठरावीक रस्त्याने जायचा. बाकीच्या रस्त्यांवर तो प्राध्यापक भेटेल अशी त्यांना धास्ती होती, हे मला एकटीला माहीत आहे असं मी समजत होते.

दुसऱ्या हिवाळ्यात सर गेले. सकाळी अंघोळ करून पेपर घेऊन बसले आणि बसल्या जागी मान टाकली. दवाखाना जवळ होता, उपयोग झाला नाही. मी पोहोचले तेव्हा डबा घेणाऱ्या मुली काकूंच्या दोन्ही बाजूंना बसल्या होत्या.

तेरवी झाल्यावर सरांचा हैदराबादला नोकरीला असलेला मुलगा निघायच्या तयारीला लागला. चांगला मुलगा आहे, मनाने बापासारखाच. म्हणाला, "आई, एकटी नको राहू. हे विकून टाकू, तू माझ्याकडे चल. कायले उगाच जीव टांगणीला?" नातेवाईक हो हो म्हणाले. खरं सांगायचं तर मलाही ते पटत होतं. मी थकले होते, आणि या घरापायी किती रविवार गेले ते मला माहीत होतं.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. खालून पोरांचा गलका येत होता.

"बावा," त्या म्हणाल्या, "तुह्या बापानं जन्मात एकदाच कोणाचं मन मोडलं. लेकरवाल्या बाईले दारात उभं ठेवून घर खाली करा म्हणाले ते. मले म्हणत, पोरगं सोताहून गेलं. मी काय येडी हाओ? त्या दिवसापासून त्यायले धड झोप नाही लागली. हे माह्यासाठी केलं त्यायनं. हे घर मी विकत नाही."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याची बॅग उचलून दारापाशी नेऊन ठेवली.