सुईचं पिस्तूल

त्या साली कापूस खरेदीची रांग आर्णीच्या बाजारातून निघून कुठवर गेली होती ते विचारू नका. मी खरं सांगेन आणि तुम्ही विश्वास ठेवणार नाही. शेवटच्या गाडीवाल्याचं लग्न रांगेतच ठरलं, वरात त्याच गाडीतल्या कापसावर बसवून काढली, आणि पोरगं रांगायला लागलं तेव्हा कुठे त्याचा कापूस मापाला लागला. माझी गाडी त्याच्या पुढचीच होती, म्हणून सांगतो.

अशा रांगेत माणूस काय करणार? बिड्या संपतात, शिदोरी संपते, बोंडअळीला द्यायच्या शिव्यासुद्धा संपतात. मग माझ्या गोष्टी सुरू व्हायच्या. सगळ्यात जास्त मागणी भाऊजींच्या पिस्तुलाला.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक. फौजेत होते, पण लढाईवर नाही. नव्या रंगरुटांना नेम शिकवतात त्या केंद्रात हत्यारं दुरुस्त करायचे. तिथे एकदा नमुन्याचं एक पिस्तूल आलं. त्यात गोळी जातच नव्हती. घोडा ओढला की नळीतून बारीक सुई उसळायची, समोरच्या कागदाला टोचायची आणि परत आत. भोकावरून नेम कळायचा, गोळी वाचायची. पण सुई अडकू लागली म्हणून फौजेनं ते नापास केलं आणि तसं दुसरं काही बनलं नाही. भाऊजी निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी निरोपाची भेट म्हणून तेच त्यांच्या हातात ठेवलं.

एवढं खरं. पण एवढ्यावर रांग कशी सरकणार? माझ्या तोंडून त्या सुईनं एका अख्ख्या पलटणीचे कान टोचले, पैनगंगेच्या काठचा वाघ आंधळा केला. लोक हसायचे. मग भाऊजी पारावर सरळ गोष्ट सांगू लागले तरी तसेच हसायचे. "फौजी, साळ्याचा वाघ काय म्हणते?"

भाऊजींना मूलबाळ नाही. पीक अळीनं खाल्लेलं, अंगातली उमेद त्याहून आधी खाल्लेली. एकच हौस उरली होती: आपल्यामागे ती वस्तू भंगारात जाऊ नये, कोणी जाणत्यानं हातात घेऊन म्हणावं, हो, ही तीच.

माझी गोष्ट जिनिंगवाल्याच्या गादीवरून घरंगळत नागपूरला पोचली आणि एका दुपारी जुनी हत्यारं जमवणारे एक शौकीन गृहस्थ जीपनं भाऊजींच्या दारात उतरले. वस्तू खरी निघाली तर काचेच्या कपाटात ठेवीन, खाली तुमचं नाव लिहीन, असं त्यांनी आधीच कळवलं होतं. भाऊजींनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. बहिणीनं देवाजवळचं पिस्तूल ताटात घालून आणलं. उन्हात ते असं लखलखलं की मीच डोळे मिटले.

गृहस्थांचा चेहरा उतरला. भिंग काढून त्यांनी ते चारी बाजूंनी पाहिलं. अशा वस्तूला कारखान्याचा काळा मुलामा असतो, डाव्या अंगाला नमुन्याचा क्रमांक आणि शिक्का असतो, तोच तिचा पुरावा, असं ते म्हणाले. इथे सगळं पूजेच्या तांब्यासारखं गुळगुळीत. त्यांनी घोडा ओढला. सुई अडकली.

मी म्हणालो, बघा, याच कारणानं नापास झालं होतं, हाच पुरावा. कोणी हसलं नाही.

"हे घासलं कोणी?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक होतं. दर दसऱ्याला विळा, कुऱ्हाड आणि पिस्तूल, तिन्ही हत्यारं बहीण चिंच-राख लावून काथ्यानं घासायची, मग हळदकुंकू. मालकाचं हत्यार गावात सगळ्यात जास्त चमकलं पाहिजे, हा तिचा हट्ट. ती तेवढ्यात पाण्याचे पेले घेऊन उंबऱ्यात आली.

"मीच," भाऊजी म्हणाले. "फौजेची सवय, साहेब."

जिल्ह्यातलं खोटं बोलायचं कंत्राट माझ्याकडे. भाऊजींचं मी पहिल्यांदाच ऐकलं. इतकं साफ मला आजवर जमलेलं नाही. गृहस्थांनी चहा घेतला. असेलही तेच, पण निशाणीशिवाय कपाटात ठेवता येणार नाही, असं म्हणून निघून गेले.

जीपची धूळ बसल्यावर मी हळूच विचारलं, तुम्हाला तर सगळं कळत होतं, मग ताईला अडवलं काहून नाही?

"पह्यल्याच दसऱ्याले मी वावरातून आलो तं तिनं घासून ठेवलं होतं," ते म्हणाले. "निशाणी तवाच गेलती. मंग तिले सांगून काय भेटते?"

पुढच्या दसऱ्याला पाटावर विळा चमकत होता, कुऱ्हाड चमकत होती, पिस्तूल मात्र मळकंच. घासण्यानं काय गेलं ते बहिणीला कोणीतरी सांगितलं असावं. मी नाही सांगितलं. यावर तरी विश्वास ठेवा. भाऊजींनी आत जाऊन चिंचेचा गोळा आणला आणि तिच्यापुढे ठेवला.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "उरलं तेवढं तं राहू द्या."

"उरलं काय हाय त्याच्यात? घास."

तिनं पदर खोचला. घासून होईपर्यंत आपट्याची पानं द्यायला शेजारचा एकजण आला, पाटाकडे पाहून सवयीनं विचारता झाला, फौजी, वाघ काय म्हणते?

भाऊजींनी सोनं घेतलं, भिंतीला टेकून बसले.

"आंधळा झाला बिचारा," ते म्हणाले. "आता कुठी जाते? आमच्याच आंगणात येऊन बसते."