रापणीचा हातचा

मुलांनो, परवा फोनवर धाकटी म्हणाली, "आजी, कॉम्प्युटरने सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार." मी विषय बदलला, कारण फोनवर रागवायला मला आवडत नाही. पण राग आला होता, आणि तो आठ वर्षं जुना आहे. म्हणून लिहिते.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी इथल्या मच्छीमार सोसायटीत वजनाची वही ठेवायचे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी दोर धरून ओढायचं लांबलचक जाळं. आपल्या शेजाऱ्यांची रापण गावात सगळ्यांत मोठी, पन्नास घरं तिच्यावर जगायची. रोजची मासळी मी किलोत लिहायचे आणि मागच्या बेरजेत मिळवायचे. हातचे पेन्सिलीने वर मांडायचे. ज्या रापणीची वर्षाची बेरीज मोठी, तिला पुढच्या हंगामात सोसायटीचा बर्फ जास्त. बर्फ नसेल तर तारलीसारखी नाजूक मासळी दुपारपर्यंत पोटं फुटून फुकट जाते.

त्या वर्षी सोसायटीत मुंबईच्या कुठल्याशा कचेरीने टाकलेला, हिरव्या अक्षरांचा कॉम्प्युटर आला. हंगाम संपला तेव्हा माझ्या वहीत शेजाऱ्यांची बेरीज होती ६७,२३६ किलो. कॉम्प्युटरच्या कागदावर होती १,७००. सेक्रेटरीने कागद खरा धरला आणि त्यांचा बर्फ जवळजवळ बंद केला.

मी वही पुढे केली. तो माझाच जुना विद्यार्थी. वही न उघडता म्हणाला, "बाई, मशीन चुकत नाही. वयोमानाने तुमचेच हातचे सुटले असतील."

बत्तीस वर्षं मी गणित शिकवलं होतं. मी खुर्ची ओढून बसले आणि त्याला म्हटलं, पहिल्या दिवसापासूनची बेरीज एकेक करून दाखव, शेजारीही इथेच बसतील. आकडा नीट चढत ६४,९१० वर गेला. पुढच्या दिवशीचे ८४० मिळवले आणि पडद्यावर आले २१४.

शेजारी शांतपणे म्हणाले, "मगे त्या दिवशी पासष्ट हजार किलो मासो परत दर्यात गेलो काय रे?"

सेक्रेटरी उठून पाणी प्यायला गेला.

ज्याने तो प्रोग्राम लिहिला होता त्याला ओरोसहून बोलावलं. त्याने सांगितलं ते असं: हे मशीन एका वेळी सोळाच घरांत आकडा मांडतं, प्रत्येक घरात फक्त शून्य नाहीतर एक, म्हणून त्यात ६५,५३५ च्या वरचा आकडा मावत नाही. त्यापुढे गेलं की घरं पुन्हा शून्यापासून भरतात. हातचा मात्र मशीन बाजूला काढून ठेवतं. तो उचलून पुढच्या सोळा घरांत मिळवायचा, एवढंच काम प्रोग्रामचं.

"मग तुम्ही तो उचलला का नाही?" मी विचारलं.

"एका रापणीला एवढी मासळी मिळेल असं वाटलं नव्हतं."

म्हणजे दर्यात मासे किती, हे याने ओरोसला बसून ठरवलं होतं. आणि हातचे सुटले म्हणून बोलणी खाल्ली मी. हातचा उचलायचा असतो हे मी आठ वर्षांच्या पोरांना शिकवत आले.

प्रोग्राम तासाभरात दुरुस्त झाला. बर्फ मिळायला श्रावण उलटून गेला, आणि तोवर नव्या हंगामातली पहिली तारली शेजाऱ्यांनी माडांच्या मुळाशी खत म्हणून पुरली. सेक्रेटरीने माझी माफी मागितली नाही. त्यांची तर नाहीच नाही.

कॉम्प्युटर पुढे भंगारात गेला. वही माझ्या कपाटात आहे आणि पेन्सिलीचे हातचे अजून वाचता येतात.