गालातली आवळकाठी

अण्णांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, उमेदीत लांबचं धावणारे अनवाणी पळत. वाटेत पाणी वर्ज्य. गालात आवळकाठी, म्हणजे वाळवलेल्या आवळ्याची फोड, ठेवायची आणि पाणी प्यायचं ते शर्यत संपल्यावरच. साठच्या दशकात माझा धाकटा भाऊ कॅनव्हासचे बूट घालून, मध्ये मध्ये पाणी पीत धावू लागला. मी मात्र फक्त सुटलेल्या बसमागे धावायचो, आणि हरायचो.

"अरे, तू कुठं पळतोस? बूट पळतात!" अण्णा भावाला डिवचत.

"मग चला उद्या," भाऊ एकदा म्हणाला. "मल्लेश्वरमच्या आपल्या घरापासून चिकपेट आणि परत."

"अहो, साठी आली," आई म्हणाली.

"स्वल्प पळून येतो गं."

सकाळीच ऊन तापलं. पाण्याची बाटली घेऊन मी सायकलवर मागे होतो आणि तरी धापा टाकत होतो. परतीच्या चढावर अण्णा भावाच्या पुढे गेले. मघाशी घामानं चिंब असलेला त्यांचा सदरा आता कोरडा ठणठणीत होता; एवढ्या उन्हात घाम यायचाच थांबला होता.

"अण्णा, पाणी!"

गालातली आवळकाठी सांभाळत त्यांनी ओठ घट्ट मिटले.

भाऊ घाबरून थांबला. "हरलो, अण्णा! थांबा!"

फाटकात आई तांब्या घेऊन उभी होती. अण्णांनी तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि घर मागे टाकून ते पळतच राहिले.