विहीणबाईंनी पळवलेली मुलगी

माझ्या लेकीच्या सासूबाईंच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: एक पेशंट आणि दुसऱ्या अजून नर्स न झालेल्या मुली. तिसरा प्रकार देवाने केलाच नाही, असं त्यांचं ठाम मत आहे. जन्मभर सरकारी हॉस्पिटलात मेट्रन होत्या. निवृत्त झाल्या, पण ते हॉस्पिटलला कळलं, त्यांना नाही. लग्न ठरवायला पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा मी मुलीची आई म्हणून वाकून नमस्कार करायला गेले, तर यांनी माझं मनगट धरलं आणि घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "नाडी जलद आहे. बसा आधी." डोंबिवलीजवळ कोपरला त्यांच्या घरात पलंगावरची चादर अशी ताणलेली असते की झोपायला भीती वाटते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाकीच्या बायका डबे नाहीतर गाळण्या लुटतात, यांनी थर्मामीटर लुटले. उखाणे राहिले बाजूला, सगळ्या बायका तोंडात नळ्या धरून गप्प बसल्या होत्या. त्या गल्लीत इतकं शांत हळदीकुंकू पुन्हा झालेलं नाही.

अशा बाईला विद्यापीठाने बोलावून घेतलं आणि बाळकुमला निघालेलं नवं नर्सिंग कॉलेज हातात दिलं. नर्सेस कमी आहेत हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर होती. बेल दाबून दाबून गुडघ्यापेक्षा माझं बोट जास्त दुखायला लागलं. तर कॉलेजची इमारत झाली, खाटा आल्या, टोचून घ्यायला रबरी माणूसही आला. फक्त मुली येईनात. वरून सांगितलं होतं, ठरलेल्या मुली भरल्या नाहीत तर कॉलेज पुढच्या वर्षावर जाईल. विहीणबाई मला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी या वयात मला कोण ठेवणार? मी नसले की त्या खाटांवर फायली रचतील."

मग त्या सुटल्या. भाजीवालीच्या मुलीला धर, पार्लरमधल्या मुलीला धर, देवळात प्रदक्षिणा घालणाऱ्या मुलीला मध्येच अडवून मार्क विचार. करता करता एकच जागा उरली. नेमकं तेव्हाच माझ्या पुतण्यासाठी आंबिवलीला मुलगी बघायला जायचं होतं. चार माणसांत उठून दिसतात म्हणून मी विहीणबाईंना बरोबर घेतलं.

मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली. माझ्या जावेने स्वयंपाकाचं विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात या म्हणाल्या, "हात थरथरत नाही गं तुझा. रक्त बघून चक्कर येते?"

"नाही. घरी कोंबडी मीच साफ करते."

"बारावी सायन्स?"

"हो. यंदा नर्सिंगची सीईटी पण दिलेली," मुलगी हळूच म्हणाली, "घरी न सांगता."

तिच्या बापाच्या हातातला चमचा बशीत पडला. "अहो बाई, रात्रपाळ्या करणारी मुलगी कोण करून घेणार?"

"मला करून घेतलं की! माझ्या नवऱ्याइतका शांत झोपणारा माणूस डोंबिवलीत दाखवा." मग पुतण्याकडे वळून, "काय रे, थांबशील चार वर्षं?" त्याच्या तोंडात पोहे होते. त्याने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, हे आजवर कळलेलं नाही. मुलीची आई मात्र इतका वेळ दाराशी उभी होती, ती म्हणाली, "जाऊ दे तिला. मलाही जायचं होतं." बापाने चमचा उचलला आणि पुन्हा पोहे खायला लागला.

परत येताना जाऊ माझ्याशी बोलली नाही, अजूनही बोलत नाही. विहीणबाईंना त्याचं काहीच नाही. "सून कुठेही मिळेल हो," म्हणाल्या.

कॉलेज वेळेवर सुरू झालं. दिवाळीनंतर मी बघायला गेले. मुली खाटांशी वाकून चादरी घालत होत्या. आंबिवलीची पोर घामाघूम झाली होती. विहीणबाईंनी तिची चादर ओढून काढली आणि म्हणाल्या, "परत." पोर हसली आणि परत घालायला लागली. विहीणबाई खुर्चीवर टेकल्या. त्यांना असं टेकलेलं मी पूर्वी पाहिलं नव्हतं.

"या मुली वॉर्डात उभ्या राहतील तेव्हा मी असेन का हो?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला कोण नेतंय? यमाकडच्या खाटा बघून तुम्ही त्यालाच कामाला लावाल," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. मुलींकडेच बघत होत्या.

मी देवाकडे सहसा काही मागत नाही, तो देतो असा माझा अनुभव नाही. पण त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मी त्याच्याकडे चार वर्षं मागितली. माझ्यासाठी नाही.