लटारूभाऊंचा निळा हूक

चामोर्शीच्या नूतनला सरळ उत्तर देणं लहानपणापासून जिवावर येई. आईनं "भात शिजला का वं?" विचारलं, की ही म्हणे, "त्याले विचारून सांगतो." पुढे मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ती आरमोरीला लटारूभाऊंच्या वर्कशॉपात डिझाइनच्या कामाला लागली, तेव्हा ही खोडही तिच्यासोबत रुजू झाली.

लटारूभाऊ ट्रॅक्टर-ट्रॉलीचे भाग बनवत. नव्या हूकचं चित्र नूतननं कॉम्प्युटरवर काढलं, भरल्या ट्रॉलीची ओढ त्याला लावली आणि कुठे किती ताण येतो ते पाहिलं. हूक रंगीबेरंगी झाला. वाकणीच्या आतल्या अंगाला लालभडक डाग.

भाऊ दचकले. "हे लाल काऊन दिसून राह्यलं? तुटते का तिथी?"

"नाई भाऊ. सगळ्यात जास्त ताण तिथी हाय, येवढाच त्याचा अर्थ. बाजूच्या रंगपट्टीवरचा आकडा पाहा. एकशे सत्तर. आपलं लोखंड अडीचशेच्या पुढं वाकते."

"आकडे तुह्यापाशी ठेव. गिऱ्हाइकाले लाल दाखवू का मी? मले लाल नाई पाहिजे!"

तीनदा समजावूनही भाऊ ऐकेनात. मग नूतनमधली खोडकर पोर जागी झाली. तिनं हूकला हातही लावला नाही. फक्त रंगपट्टीचं वरचं टोक एकशे सत्तरवरून हजारावर नेऊन ठेवलं. लाल रंग आता हजाराचा, त्यामुळे एकशे सत्तरच्या वाट्याला निळाच आला. अख्खा हूक इटियाडोह धरणाच्या पाण्यासारखा निळाशार!

"आता कसं!" भाऊ खूश. चित्र मोबाइलवर घेऊन ते पार ब्रह्मपुरीपर्यंत फिरवून आले. नूतन तोंडाला ओढणी लावून हसत राहिली.

तिचं हसू सोमवारी विरलं. भाऊ फोनवर लोखंडवाल्याला सांगत होते, "हूकची लोखंडी पट्टी अर्ध्या जाडीची पाठवा. आमचा हूक पूरा निळा हाय, त्याच्यावर ताणच नाई! लोखंड फुकट काऊन घालायचं?"

नूतननं मनात हिशेब केला. जाडी अर्धी म्हणजे ताण दुप्पट, तीनशे चाळीस. हूक उलगडणार आणि धानानं भरलेली ट्रॉली कुणाच्या तरी अंगावर जाणार. सरळ सांगून टाकावं असं तिला वाटलं, पण रंगांवर बसलेला भाऊंचा भरवसा नुसत्या सांगण्यानं हलणारा नव्हता.

दुपारी तिनं स्क्रीनवर दोन खुर्च्या दाखवल्या. एक लाल, पाय फाकलेली. दुसरी निळी, ताठ.

"भाऊ, कोन्त्या खुर्चीवर बसान?"

"निळीवर. लालवर बसून कंबर मोडू का?"

"दोन्ही एकच हायेत. तुमी आत्ता बसून राह्यले ना, तेच. वजन बी तुमचंच घातलं."

भाऊ असे ताडकन उठले की हातातला चहा शर्टावर सांडला.

"आकडा वाचा," नूतन म्हणाली. "दोन्हीकडं तीस. खुर्चीले काई होत नाई. लालमधी रंगपट्टी तीसवर संपते, निळीमधी हजारावर. आन पाय जरासेच वाकतात, ते दिसावं म्हणून लालमधी दोनशे पट फुगवून दाखवते हे कॉम्प्युटर."

भाऊ वाकून दोन्ही आकडे बोटानं तपासत राहिले. मग हळूच म्हणाले, "मंग आपला हूक?"

"लालच होता. मी निळा केला." तिची मान खाली गेली. "चुकलं भाऊ. लोखंडी पट्टी पातळ नका करू."

भाऊ पोट धरून हसले, फोन उचलून पट्टीची ऑर्डर फिरवली आणि शिक्षाही सुनावली. "जिथी जिथी निळा दाखवला, तिथी तू लाल घेऊन चाल. समजावून सांगजो!"

दोन दिवस नूतन लॅपटॉप छातीशी धरून त्यांच्या मोटरसायकलमागे हिंडली. त्याआधी वाकणीची गोलाई वाढवून तिनं आकडा एकशे चाळीसवर आणला होता, आणि तसा एक हूक बनवून भाऊंनी मोटरसायकलला बांधून घेतला होता. चित्रात लाल डाग तरी होताच, आणि तो तिनं तसाच ठेवला.

ब्रह्मपुरीजवळचे शेतकरी सोमाजी तिचं बोलणं पूर्ण ऐकायलाच तयार नव्हते. "पोरी, पिच्चर राहू दे. मायी ट्रॉली धानाच्या बांदीत, चिखलात फसली हाय. लावून पाह्य तुहा हूक."

नूतननं चिखलात हात घालून हूक लावला. ट्रॅक्टर गुरगुरला, चाकांनी चिखल उडवला आणि धानाच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली हिसका देऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर आली. भाऊंनी खिशातून माप काढून हूकचं तोंड मोजलं. केसभरही उघडलं नव्हतं. कोपरापर्यंत चिखलानं माखलेली नूतन तिथंच धुऱ्यावर फतकल मारून बसली, आणि सोमाजींनी घरच्यांना चहा टाकायला ओरडून सांगितलं.