भावाला लागलेली नोकरी

सासूबाई जुलैच्या सुरुवातीला आमच्याकडे जर्मनीत, वाल्डॉर्फला आल्या. पहिल्याच शनिवारी सकाळी सहा वाजता त्या चहा करायला उठल्या, तर मी हॉलमध्ये टीव्हीसमोर उशी तोंडाशी घट्ट धरून बसलेली.

"काय गं, दात दुखतोय का?" त्यांनी विचारलं.

दात दुखत नव्हता. उशी ओरडण्यासाठी होती. लग्नानंतरची चार वर्षं आम्ही मेलबर्नला काढली आणि तिथे मला ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड लागलं. त्या शहरात नाव विचारण्याआधी तुमचा क्लब कोणता ते विचारतात. आम्ही ज्या भागात घर घेतलं त्या भागाचा क्लब माझा झाला. पुढे जर्मनीत नोकऱ्या लागल्या, आम्ही इकडे आलो, नवऱ्याचं वेड उतरलं, माझं नाही उतरलं. तिथली दुपारची मॅच म्हणजे इथली पहाट. आमच्या खाली एक वयस्कर जोडपं राहतं. पहिल्याच वर्षी त्यांनी रूअत्साइट म्हणजे शांततेची वेळ किती ते किती, हे आम्हाला चिठ्ठी लिहून कळवलं होतं. तेव्हापासून मी उशीत ओरडते.

आई, म्हणजे सासूबाई, चहा घेऊन शेजारी बसल्या. मी त्यांना थोडक्यात खेळ समजावला. मैदान लंबगोल, दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोन खांबांतून लाथेने चेंडू मारला की सहा गुण, बाजूच्यातून गेला तर एक. चेंडू हातात धरून पळता येतं, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून झेलता येतो. दहा-पंधरा मिनिटांनी त्या म्हणाल्या, "हा आता डावीकडे दाखवून उजवीकडे जाणार." आणि तो गेला. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. त्या पडद्यावरच डोळे लावून म्हणाल्या, "खांदा बघायचा नाही. कंबर बघायची. कंबर खोटं बोलत नाही."

आई तरुणपणी सांगलीकडे खो-खो खेळायच्या, एवढं आम्हाला माहीत होतं. यापलीकडे त्या कधी बोलल्या नव्हत्या.

पुढच्या शनिवारी माझा सहकारी आला. तो माझ्याच टीममध्ये काम करतो, मेलबर्नचा आहे, बायको जर्मन. शेजारच्या गावात राहतो, घरात तान्हं बाळ, म्हणून मॅच बघायला सायकलवरून आमच्याकडे येतो. येताना बेकरीतून गरम ब्रेत्सेल, म्हणजे इथला पिळाचा खारा पाव आणतो. माझ्या दहा वर्षांच्या मुलीचं ऐकून तोही सासूबाईंना आजी म्हणायला लागला. तो इंग्रजीत बोलायचा, आई मराठीत, मधे मी. मी स्वयंपाकघरात असले की लेक भाषांतर करायची, मराठी ऐकून जर्मनमध्ये. दोन-तीन शनिवारांत त्या दोघांना आमची फारशी गरज उरली नाही.

अडचण एकच होती, त्याचा क्लब वेगळा होता. आणि नुसता वेगळा नव्हता. आमचा सगळ्यात उंच, सगळ्यात लाडका फॉरवर्ड, ज्याला मी त्याच्या अठराव्या वर्षापासून खेळताना बघितलं होतं, तो त्याच वर्षी आम्हाला सोडून त्यांच्याकडे गेला होता. तेही आमचा क्लब देत होता त्यापेक्षा कमी पगारावर.

इथेच सगळी मेख होती. त्या लीगमध्ये सॅलरी कॅप असते. म्हणजे प्रत्येक क्लबाने आपल्या सगळ्या खेळाडूंना मिळून वर्षाला किती पगार द्यायचा याची एकच मर्यादा, श्रीमंत क्लबालाही तीच आणि गरिबालाही तीच. त्याच्या क्लबात आधीच तीन मोठे खेळाडू होते. त्यात हा चौथा. एवढे सगळे त्या मर्यादेत बसले कसे, हा प्रश्न आम्ही सगळे चाहते सकाळ-संध्याकाळ इंटरनेटवर विचारत होतो.

"माणूस समाधानासाठी कमी पगार घेऊ शकत नाही का?" सहकारी म्हणायचा. "तुला म्युनिकहून जास्त पगाराची ऑफर होती ना? तू का नाही गेलीस?"

"मुलीची शाळा."

"गेनाऊ, अगदी बरोबर. त्यालाही त्याची काही कारणं असतील."

मग ऑगस्टमध्ये तिकडच्या एका वर्तमानपत्रात बातमी आली. त्या फॉरवर्डच्या थोरल्या भावाला नोकरी लागली होती, आणि ती नेमकी त्या क्लबच्या सगळ्यात मोठ्या देणगीदाराच्या कंपनीत. भाऊ आधी बेकार होता. आता त्याला मोठं पद होतं आणि तो ऑफिसात कुणाला फारसा दिसत नव्हता, असं बातमीत म्हटलं होतं. मी ते बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप चुकला. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. घरी पोचल्या पोचल्या मी आईंना सगळं सांगितलं.

आई भाजी निवडत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "भावाला नोकरी लागली ना? मग ते ठरवूनच झालेलं असणार."

"म्हणजे तुम्हालाही वाटतं?"

"वाटत नाही. असंच होतं ते."

हे वाक्य मी शनिवारी सहकाऱ्याला दोनदा भाषांतर करून ऐकवलं. तो हसला, पण त्या दिवशी त्याने ब्रेत्सेल संपवलं नाही. पुढच्या आठवड्यात लीगने चौकशी जाहीर केली. क्लबची कागदपत्रं तपासायला माणसं नेमली. मी रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी बातम्या बघायची आणि आईंना सांगायची. लेकही कान देऊन ऐकायची. मॅचपेक्षा चौकशीच जास्त रंगली होती. कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर ताट घेऊन बसलं की मला राहवायचं नाही. "आज काय नवीन?" मी विचारायची. तो म्हणायचा, "मी वाचत नाही."

सप्टेंबरमध्ये सेमीफायनलला आमचा क्लब आणि त्यांचा क्लब समोरासमोर आले. ती मॅच इथल्या वेळेने सकाळी सव्वानऊला होती, त्यामुळे उशी लागणार नव्हती. आईंनी पोहे केले होते. नवरासुद्धा येऊन बसला.

अशी मॅच मी पुन्हा बघितलेली नाही. चारपैकी पहिल्या तिन्ही सत्रांत आम्ही पुढे होतो, पण कधीच फार पुढे नाही. आई सोफ्याच्या कडेवर येऊन बसल्या होत्या आणि मराठीतून सूचना देत होत्या, "अरे मागे, मागे बघ. आता सूर मार." शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा आम्ही दोन गुणांनी पुढे होतो. चेंडू उंच उडाला, सहा-सात जण त्याखाली जमले आणि त्या सगळ्यांच्या वरून आमचा जुना फॉरवर्ड उठला. एकाच्या खांद्यावर गुडघा टेकून त्याने चेंडू झेलला. असा झेल त्याने आमच्यासाठी शंभरदा घेतला होता. असा झेल घेतला की मोकळी किक मिळते, आता त्याला कुणी अडवू शकत नव्हतं. त्याने मोजे वर ओढले, चार पावलं मागे गेला आणि मधल्या खांबांतून चेंडू मारला. आम्ही चार गुणांनी हरलो.

सहकारी उठून उभा राहिला, दोन्ही हात डोक्यावर. मी म्हणाले, "विकत घेतलेला विजय आहे हा." ते मी मराठीत म्हणाले होते. पण लेक त्याच्याकडे वळली आणि स्वच्छ जर्मनमध्ये म्हणाली, "तुमचा क्लब बेट्रूगर आहे. तुम्ही पण."

बेट्रूगर म्हणजे लबाड, फसवणारा. इथे हा शब्द कुणी सहज वापरत नाही.

त्याने हात खाली घेतले. ब्रेत्सेलची रिकामी पिशवी घडी करून खिशात ठेवली. "आल्झो, मी निघतो," म्हणाला. आईंना हात जोडले, आणि खाली जाऊन सायकल काढली. मी खिडकीतून बघितलं. हेल्मेट न घालताच तो निघाला होता.

"त्याला बोलाव," आई म्हणाल्या.

"आई, तुम्हीच तर म्हणाला होतात की हे ठरवूनच केलंय."

"हो. मीच म्हणाले होते." त्यांनी टीव्ही बंद केला. "कसं माहीत मला, ते नाही विचारलंस."

मग त्यांनी सांगितलं. नवरा तिथेच बसून होता. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की तोही हे पहिल्यांदाच ऐकतोय.

आई सतरा वर्षांच्या होत्या. ज्या मंडळात त्या खो-खो शिकल्या, ते गल्लीतलं साधं मंडळ होतं. मास्तर संध्याकाळी शाळा सुटल्यावर शिकवायचे, मैदानावर मुलीच पाणी मारायच्या. गावात दुसरं एक मंडळ होतं, त्याचे अध्यक्ष दूध संघात मोठे होते. आईंचा थोरला भाऊ मॅट्रिक होऊन तीन वर्षं घरी बसला होता. एक दिवस अध्यक्ष घरी आले, चहा प्यायले, आईंच्या खेळाचं कौतुक केलं. पुढच्या महिन्यात भावाला दूध संघात कारकुनाची नोकरी लागली. आणि आई दुसऱ्या मंडळातून खेळायला लागल्या. कुणी कुणाला काही मागितलं नव्हतं. वडील फक्त एवढंच म्हणाले होते, "बघ बाई, तुला काय वाटतं ते."

जिल्ह्याच्या फायनलला समोर जुनं मंडळ आलं. आई पळतीला उतरल्या तशा मैदानाच्या कडेने मुलं ओरडायला लागली, विकली गेली, विकली गेली. वडील तिथेच उभे होते. मास्तरही होते.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पळाले. साडेतीन मिनिटं नाबाद. आम्ही जिंकलो." मग त्या म्हणाल्या, "पोरगी म्हणते तसंच ओरडत होते ते. फक्त मराठीत."

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही तिघी त्याच्या गावी गेलो. आईंनी शिरा डब्यात भरून घेतला होता. त्याने दार उघडलं तेव्हा त्याच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. लेक पुटपुटत सॉरी म्हणाली. "हो, ठीक आहे," तो म्हणाला. पण ठीक नव्हतं, ते दिसत होतं. मग अंगणातल्या बाकावर बसून आईंनी त्याला सगळं पुन्हा सांगितलं, आणि मी एकही शब्द न गाळता भाषांतर केलं.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमच्या भावाने ते काम केलं का?"

"निवृत्त होईपर्यंत केलं. चांगलं केलं."

"मग त्यात चूक काय?"

आईंना हे उत्तर शोधावं लागलं नाही. त्या म्हणाल्या, "मास्तरांकडे द्यायला नोकरी नव्हती. चूक ती. त्यांनी घडवलेली मुलगी गेली, आणि ते काही करू शकले नाहीत."

"आणि तुम्ही जिंकलात ते?"

"ते माझ्या पायांनी जिंकले. तो झेल त्या मुलानेच घेतला ना? नोकरीने नाही घेतला. दोन्ही खरं आहे बाबा. पन्नास वर्षं झाली, मी दोन्ही धरून बसले आहे."

त्याने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, "मी वाचतो. चौकशीचं सगळं वाचतो. तुझ्याआधी वाचतो." हे त्याने मला उद्देशून म्हटलं. "पहाटे उठून बघतो की आज आम्ही स्पर्धेत आहोत की बाद झालो. मी सीझनभर एक मॅच नीट एन्जॉय केलेली नाही."

मला वाटत होतं की संशय फक्त आमच्याकडे आहे. सगळ्यात जास्त तर त्याच्याकडे होता.

फायनल सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी झाली, पहाटे साडेसहाला. मी खालच्या आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले, एक दिवस चालेल. सहकारी बायको आणि बाळासकट आला. त्याच्या क्लबसमोर तिसराच क्लब होता, त्यामुळे मला कुणाची बाजू घ्यायची गरज नव्हती. पण दुसऱ्या सत्रात फॉरवर्ड धावता धावता पडला, उठला, पुन्हा चेंडूवर गेला, आणि मी स्वतःला त्याच्या जुन्या टोपणनावाने ओरडताना ऐकलं. उशीत नाही, उघड. लेक सोफ्यावर उभी होती. आई खुर्ची सोडून जमिनीवर, टीव्हीपासून दोन हातांवर बसल्या होत्या, खो मिळायची वाट बघत पाटीवर बसतात तशा. शेवटच्या सत्रात त्याचा क्लब मागून आला आणि सात गुणांनी जिंकला. सहकारी रडला. बाळ दचकून रडलं. मी सेमीफायनलला त्यांच्याकडून हरलेल्या क्लबची चाहती असूनही टाळ्या वाजवत होते, आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

चौकशीचा निकाल नोव्हेंबरमध्ये लागला. भावाची नोकरी खरी होती, तो कामाला जात होता, पण क्लबने ती लीगला कळवायला हवी होती, ती कळवली नव्हती. क्लबला दंड झाला. कप त्यांच्याकडेच राहिला. इंटरनेटवर अर्धे लोक म्हणाले न्याय झाला, अर्धे म्हणाले झाकलं गेलं. सहकारी सकाळी माझ्या टेबलापाशी आला, म्हणाला, "वाचलंस?" मी हो म्हणाले. आम्ही कॉफी प्यायला गेलो आणि तासभर त्यावर भांडलो, मजेत भांडलो. मला अजूनही वाटतं की काहीतरी लपवलेलं आहे. तो म्हणतो, त्यालाही अधूनमधून वाटतं.

संध्याकाळी मी पुण्याला परत गेलेल्या आईंना फोन लावून निकाल सांगितला.

"कामाला जातो ना तो भाऊ?" त्यांनी विचारलं.

"जातो म्हणतायत."

"बरं." मग म्हणाल्या, "अगं, मास्तर तर केव्हाच गेले. पण जुन्या मंडळाची कॅप्टन होती ना, ती मिरजेला असते म्हणे. तीन जणांकडे नंबर मागितला. एकाने दिला, तो लागतच नाही. तुझ्या नवऱ्याला सांग, इंटरनेटवर बघ म्हणावं."

नवरा अजून शोधतोय.